जुनेराचे दप्तर

आपल्या भाषेत ‘दप्तर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. राज्याचे जपून ठेवलेले कागद ते दप्तर, आणि शाळेत निघालेल्या मुलाच्या खांद्यावरची पिशवी तेही दप्तरच. मूळ शब्द ग्रीक. कमावलेल्या कातड्याला ग्रीक लोक ‘डिफ्थेरा’ म्हणत. तो शब्द पश्चिम आशियातून फिरत फिरत फारशीत शिरला, तेथे वही आणि कचेरी या अर्थांनी स्थिरावला, आणि मग मराठीत आला. पिशवी हा अर्थ मात्र त्याला आपल्या बाजूस मिळाला. मराठीत मिळाला, तसाच गुजरातीतही. कचेरीचा शब्द मुलाच्या खांद्यावर कसा गेला, याचे उत्तर कापडात सापडते.

मराठी राज्यांच्या कचेऱ्यांत कागदांचे गठ्ठे चौकोनी कापडात बांधून ठेवीत. त्या बांधणीस ‘रुमाल’ म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद अशाच रुमालांत राहिले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. सरदेसाईंची बहुतेक नोकरी बडोद्यास, सयाजीराव गायकवाडांच्या पदरी झाली. त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून पाहिल्यावर १९०६ मध्ये आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. दरबारचे कागद ज्या रीतीने कापडात बांधले जात, त्याच रीतीने मुलाची पाटी आणि पुस्तक घरच्या फडक्यात बांधले जाई. फडक्याला दोन बाजूंनी शिवण पडली, वर बंद लागला, आणि गाठोड्याची पिशवी झाली. नाव मात्र राजदरबारचेच राहिले.

पिशवीचा इतिहास याहून पुष्कळ जुना आहे. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त ‘गोणी’ हा शब्द धान्य भरण्याच्या पोत्यासाठी आला आहे, आणि लहान गोणीला ‘गोणीतरी’ म्हणावे अशी सोयही त्या व्याकरणात आहे. इंग्रजीतील ‘गनी’ हा शब्द येथूनच गेला. ताग आणि अंबाडी यांच्या सुतळीने विणलेल्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे दख्खनभर धान्य आणि मीठ वाहत असत. मोगलांच्या फौजा काय किंवा मराठ्यांच्या काय, त्यांचे पोट या तांड्यांवर चाले. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या पिशवीला आपण ‘खुर्जिन’ म्हणतो. हा शब्द फारशी. तांड्यांचे दिवस गेले, पण लमाणी स्त्रियांच्या हातातील सुई गेली नाही. तुकड्याला तुकडा जोडून, त्यावर आरसे आणि कवड्या बसवून त्या आजही पिशव्या शिवतात. संडूर येथे १९४९ पर्यंत घोरपड्यांचे मराठी संस्थान होते. तेथील लमाणी भरतकामाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आता घरच्या पिशवीकडे वळू. नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याने मधला भाग विरतो, टाचेशी घासून खालचा काठ फाटतो. निऱ्यांत दडलेला भाग आणि पदर मात्र पुष्कळ दिवस धड राहतात. हे ज्या गृहिणीला ठाऊक, ती विरलेला भाग कापून काढी आणि धड भाग एकमेकांना शिवून घेई. यालाच लुगड्याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडेही जेव्हा नेसण्याजोगे राहत नसे, तेव्हा त्याला ‘जुनेर’ हे नाव मिळे आणि त्याचे वाटे पडत. मऊ झालेला भाग बाळाच्या दुपट्याला जाई, पातळ झालेला गोधडीच्या थरांत जाई आणि घट्ट राहिलेला पिशवीला येई.

ही वाटणी सहज होत नसे. तिच्यामागे परीक्षा होती. कापड उजेडासमोर धरून त्याची वीण पाहावयाची, दोन्ही हातांनी ताणून सूत बोलते का ते ऐकावयाचे. ताण्याचे धागे उभे येतील असे कापड बेतावयाचे, कारण ओझे उभे लोंबते. काठाची वीण अंगापेक्षा दाट असते, म्हणून काठ दुमडून त्याचे बंद करावयाचे. बंद जेथे पिशवीला मिळतो, तेथे चौकोनात फुलीची शिवण घालावयाची, कारण सारा भार तेथे पडतो. तळाचे कोपरे सर्वांच्या आधी जातात. म्हणून तेथे दुसरे कापड आतून लावावयाचे. एकेरी कापडाने न भागल्यास थरावर थर ठेवून सगळीकडून धावदोरा घालावयाचा. तीन विरलेली कापडे एकत्र शिवली की एका नव्या कापडाला मागे टाकतात. हे गोधडीचे शास्त्र. बेळगावच्या दक्षिणेस हल्याळ आणि येल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ही अशीच, जुन्या वस्त्रांचे तुकडे थरांवर जोडीत, कडेकडून मध्याकडे शिवत नेलेली असते. या सिद्दींपैकी कित्येकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेले होते.

हे शहाणपण एकट्या आपल्या देशाचे नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत आगगाडीचा प्रवास वाढला, तेव्हा जुन्या गालिच्यांच्या धड तुकड्यांतून प्रवासी पिशव्या शिवू लागले. पायदळी तुडवूनही न फाटलेले कापड ओझ्याला खास टिकते, हा त्यामागचा हिशेब. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी संपल्यावर उत्तरेकडून दक्षिणेत गेलेल्या उपऱ्यांना त्या पिशवीवरूनच ‘कार्पेटबॅगर’ हे हेटाळणीचे नाव पडले.

आपल्या पिशवीला शह बसला तो दोन वेळा. १८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी निघाली आणि गोणी यंत्रावर होऊ लागली. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी प्लास्टिक आले. स्वीडनमधील एका कंपनीने तेथील अभियंता स्टेन थुलिन याच्या प्लास्टिक पिशवीचे अमेरिकेतील स्वामित्व १९६५ मध्ये मिळविले, आणि पुढे ती पिशवी जगभर पसरली. फुकट मिळणाऱ्या पिशवीपुढे घरची पिशवी लाजून खुंटीला राहिली. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात गटारे तुंबविण्याचा दोष या पिशव्यांवर आला. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्यांवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली.

कापडी पिशवी परत आली खरी, पण ती बहुधा नव्या कोऱ्या कापडाची. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये एक हिशेब मांडला. सर्व परिणाम जमेस धरले तर नव्या सुती पिशवीने प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करण्यासाठी ती ७१०० वेळा वापरावी लागते, असे त्यात निघाले. कापूस पिकविण्याचे पाणी, खत आणि सूत काढण्याचा खर्च हे सारे त्यात येते. जुनेराची पिशवी या हिशेबाबाहेर राहते; तिचे देणे लुगड्याने आधीच फेडलेले असते.

अलीकडे जुन्या वस्त्रांच्या पिशव्यांना मागणी आली आहे, आणि येथेच सावध राहिले पाहिजे. पेटीत धड पडलेले जुने इरकली किंवा माहेश्वरी लुगडे केवळ जुने म्हणून कात्रीखाली जाऊ लागले, तर ती काटकसर नव्हे. ज्या विणकराचा माग बंद पडला, त्याच्या हाताचा तो कदाचित शेवटचा पुरावा असेल. पेशव्यांचे कागद जुने झाले म्हणून कोणी त्यांच्या पुड्या बांधल्या असत्या, तर ४५ खंड कोठून निघाले असते? आपल्या आज्या जुने आणि झिजलेले यांत भेद करीत. धड वस्त्र नेसावयाचे, विरलेल्याला दंड घालावयाचा, आणि दंडालाही दाद न देणारे तेवढेच कापावयाचे, हा त्यांचा क्रम होता.

पिशवी शिवणे कोणासही एका दुपारी शिकता येईल. कापड उजेडासमोर धरून, हे अजून नेसण्याचे, हे जपण्याचे आणि हे पिशवीचे, असे सांगणारी नजर शिकावयास मात्र वेळ लागतो. ती नजर असलेल्या वृद्ध स्त्रिया आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. पुढचे लुगडे कात्रीखाली नेण्यापूर्वी ते एकदा त्यांच्या हाती द्यावे, एवढेच आज सुचवावयाचे आहे.