सुरतेचे धन आणि सरस्वतीचे मंदिर

धनाच्या तीन गती नीतिकारांनी सांगितल्या आहेत: दान, भोग आणि नाश. सुरतेत जन्मलेल्या एका व्यापाऱ्याच्या चरित्रात दान आणि नाश या दोन गती केवळ एका वर्षाच्या अंतराने दृष्टीस पडतात. ग्रंथालयांच्या इतिहासात त्या चरित्राचे स्थान आहे ते याच कारणाने.

एके काळी सुरत हे पश्चिम किनाऱ्याचे वैभवशाली बंदर होते. पुढे व्यापार मुंबईस गेला, आणि १८३७ साली अग्निप्रलयाने व महापुराने नगरी जर्जर झाली. तथापि लक्ष्मी दुरावली तरी सरस्वतीची उपासना खंडित झाली नाही. १८५० साली तेथे अँड्र्यूज ग्रंथालय स्थापन झाले.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म याच नगरीत, एका जैन कुटुंबात, १८३१ साली झाला. मुंबईत ते दलालीच्या धंद्यात अग्रेसर झाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसास सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या संपत्तीतील काही भाग प्रेमचंदांनी विद्येच्या चरणी वाहिला. नर्मदातीरीच्या भडोच या लहान नगरातील ग्रंथालय त्यांचे वडील रायचंद दीपचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले, आणि मातोश्री राजाबाई यांच्या नावे मनोरा उभारण्यासाठी आणखी दोन लक्ष दिले.

१८६५ साली युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, समभागांची कागदे मातीमोल झाली आणि प्रेमचंदांचे ऐश्वर्य लयास गेले. त्या सट्ट्यात असंख्य कुटुंबे देशोधडीस लागली, आणि त्याच्या अग्रभागी प्रेमचंद होते, हेही इतिहासास झाकता येत नाही. विद्यादानाने त्या दोषाचे क्षालन होते, असे म्हणणे न्यायाचे नव्हे. परंतु दानाचा महिमा दात्याच्या निष्कलंकतेवर अवलंबून नसतो. अर्पण केलेली वस्तू दात्याची उरत नाही. म्हणूनच दात्याच्या नाशात ती सापडत नाही.

विद्यापीठाच्या स्वाधीन झालेले धन शाबूत राहिले. १८६९ साली पायाभरणी झाली, १८७८ साली मनोरा पूर्ण झाला. १९०६ साली प्रेमचंद निवर्तले. ज्या कंपन्यांच्या समभागांवर त्यांनी कोट्यवधींचे व्यवहार केले, त्यांची नावे आज अभ्यासकांनाच ठाऊक आहेत. ग्रंथालय मात्र अद्यापि उभे आहे.

मठाच्या भांडारात पोथी अर्पण करणाऱ्या भाविकाने हे ध्यानी ठेवावे. दोन लक्षांचे दान असो की एका पोथीचे, दिलेले तेवढेच कालाच्या तडाख्यातून वाचते.