औषधरोधी स्टॅफिलोकॉकस आणि प्रतिजैविके : जालना परिसराच्या संदर्भात

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा जगातील अनेक रुग्णालयांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू त्या औषधाला दाद देईनासा झाला होता. त्यावर उतारा म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलीन आले; १९६१ मध्ये ब्रिटनमधून त्यालाही न जुमानणाऱ्या जंतूची नोंद झाली. पेनिसिलीन ज्या प्रथिनाला चिकटते त्याऐवजी हा जंतू निराळेच प्रथिन वापरतो. त्यामुळे पेनिसिलीन कुळातील जवळजवळ सारीच औषधे निष्प्रभ ठरतात.

उरले व्हँकोमायसिन. अमेरिकेत १९५८ साली मान्यता मिळालेले हे औषध अशा संसर्गात शिरेवाटेच द्यावे लागते आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. २००० साली तेथेच मान्य झालेले लिनेझोलिड गोळीरूपातही मिळते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ घेतल्यास रक्तातील बिंबिका घटण्याचा धोका वाढतो.

पुढील टप्पा जालन्याच्या शेजारी घडला. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात लिव्होनॅडिफ्लॉक्सासिन विकसित झाले व २०२० मध्ये त्यास भारतात मान्यता मिळाली. मूळ नॅडिफ्लॉक्सासिन जपानचे, तेही त्वचेवर लावण्याचे. हे श्रेय तेवढ्याच मापाने मोजावे. मात्र त्याचे गोळीरूपही उपलब्ध झाले. मंठा वा घनसावंगीहून येणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या चिघळलेल्या पायासाठी रुग्णालयातील मुक्काम त्यामुळे कमी होऊ शकतो. पू काढणे आणि त्याची जंतुतपासणी करणे यांतून मात्र या गोळीनेही सुटका केलेली नाही.