अदालतीच्या दोन वाटा

इतिहासाच्या तासाला एका मुलीने विचारले, "सर, एका अदालतीत जिंकलेला माणूस दुसऱ्या अदालतीत हरतो कसा?" उत्तरादाखल मी वर्गाला ड्रेड स्कॉटची हकिकत सांगितली.

अमेरिकेत न्यायाच्या दोन वाटा आहेत. राज्यांची न्यायालये जुनी. संघराज्याची न्यायालये काँग्रेसने १७८९ च्या कायद्याने उभी केली. खून, चोरी, घटस्फोट, वारसा असे बहुतेक तंटे राज्याच्या न्यायालयात चालतात. संघराज्याच्या कायद्याचे प्रश्न आणि वेगवेगळ्या राज्यांतील नागरिकांमधले मोठ्या रकमेचे दावे संघीय न्यायालयात जाऊ शकतात.

ड्रेड स्कॉट गुलाम होता. मालकाने त्याला गुलामगिरीस बंदी असलेल्या इलिनॉय राज्यात व विस्कॉन्सिन प्रदेशात ठेवले होते. त्या आधारावर त्याने आणि पत्नी हॅरिएटने १८४६ साली मिसुरी राज्यातील सेंट लुईसच्या न्यायालयात स्वातंत्र्याचा दावा लावला. १८५० साली ज्युरीने त्यांना न्याय दिला. १८५२ साली मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हिरावून घेतला.

मग स्कॉट दुसऱ्या वाटेला लागला. त्याच्यावर मालकी सांगणारा सँडफर्ड न्यूयॉर्कचा होता. "मी मिसुरीचा नागरिक, तो न्यूयॉर्कचा," या मुद्द्यावर तो संघीय न्यायालयात गेला. तेथेही हरला. अखेर ६ मार्च १८५७ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. सरन्यायाधीश टॅनी यांचे म्हणणे असे की, आफ्रिकी वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही. मग संघीय न्यायालयात दावा लावण्याचा हक्क त्याला कुठला? हा निकाल पुसायला यादवी युद्ध आणि १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती व्हावी लागली.

आपल्याकडेही १९३७ साली संघ न्यायालय स्थापन झाले. मुकुंदराव जयकर त्याचे एक न्यायाधीश होते. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची जागा घेतली. आपल्या घटनाकारांनी संघराज्य स्वीकारले, पण वाट एकच ठेवली. कायदा केंद्राचा असो वा राज्याचा, तालुक्याच्या न्यायालयापासून जिल्हा, उच्च आणि सर्वोच्च न्यायालय अशी ती चढत जाते.

"मग त्याच्या मुलींचे काय झाले?" ती मुलगी पुन्हा उठली.

त्याच वर्षी मे महिन्यात ते कुटुंब मुक्त झाले. पण अदालतीच्या हुकुमाने नव्हे. नव्या मालकाने सोडले म्हणून. पुढल्या वर्षी स्कॉट वारला.

वर्ग गप्प झाला. फळ्यावर मी एकच शब्द लिहिला, 'नागरिक'. तास संपला तरी तो पुसावासा वाटला नाही.