देव सोडल्यानंतर धम्म कशाला? पर्वती ते देहूरोड

“मी नास्तिक आहे, मला धम्माचीही गरज नाही,” असं म्हणणारे आंबेडकरी तरुण पुण्यातल्या वसतिगृहांत आणि वस्त्यांत नेहमी भेटतात. एम.ए. करताना मीही हेच म्हणायचो. त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही. पण हाच प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांपुढेही उभा होता. त्यांनी तो कसा सोडवला, हे पाहिलं पाहिजे.

१३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यात पर्वती मंदिर सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहींवर दगड पडले, मंदिर मात्र उघडलं नाही. बरोबर सहा वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. जानेवारी १९३६ मध्ये पुण्याच्या अस्पृश्य युवक परिषदेत त्यांनी हा निर्धार पुन्हा सांगितला. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेने हिंदू देवतांची पूजा, सणवार आणि तीर्थयात्रा सोडण्याचा ठराव केला.

म्हणजे जुने देव सुटले होते आणि नवा धर्म अजून ठरला नव्हता. दीक्षेपर्यंत २१ वर्षं गेली. देव नाकारणं एवढंच पुरेसं असतं, तर बाबासाहेब तिथेच थांबले असते. ते का थांबले नाहीत?

याचं उत्तर त्यांच्या १९५० सालच्या बुद्धधम्माच्या भवितव्यावरील लेखात आहे. समाज टिकायला कायद्याचा किंवा नीतीचा आधार लागतो. कायद्याचा धाक थोड्यांनाच पुरतो, बाकीचा समाज नीतीवर चालतो. ही नीती विज्ञानाशी जुळणारी हवी, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मानणारी हवी, आणि तिने गरिबीला पवित्र ठरवता कामा नये. या कसोट्यांवर त्यांना बुद्धाचा धम्म उतरला.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. २५ डिसेंबर १९५४ ला पुण्याजवळ देहूरोडला बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. पहिली कृती नकाराची आणि दुसरी स्वीकाराची. दोन्ही एकाच चळवळीच्या.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या २२ प्रतिज्ञाही याच क्रमाने जातात. पहिल्या आठ प्रतिज्ञांत आपण काय मानणार नाही, काय करणार नाही, हे येतं. नवव्या-दहाव्यात समता येते, पुढे अष्टांगमार्ग, पारमिता, शील. आपला नास्तिक मित्र पहिल्या आठांपाशीच थांबतो.

मला परत आणलं ते वस्तीतल्या कामाने. दारूने मोडलेल्या घरात “देव नाही” एवढंच सांगून काय उपयोग? ‘मी दारू पिणार नाही’ ही सतरावी प्रतिज्ञा आयुष्यभर पाळणाऱ्या आजींचं मात्र तिथे लोक ऐकत होते.

हे देवाकडे परतणं नाही, कारण धम्मात देवच नाही. उलट, आज काही विहारांत बुद्धापुढे नवस बोलले जातात, गंडेदोरे बांधले जातात. ते पाहून तरुण दूर जात असतील, तर दोष आपलाही आहे. तिथे तुमची प्रश्न विचारण्याची सवय हवीच आहे. म्हणून मित्रांनो, विहार सोडू नका. या रविवारी जा, बावीसही प्रतिज्ञा मोठ्याने वाचा आणि त्यातली कोणती आपल्या वस्तीत पाळली जात नाही, ते तिथेच विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!