नखाएवढ्या फोटोची गोष्ट

परवा शनिवारी घरी गेलो तर बाबांनी दारातच जाहीर केलं, "हा कॉम्प्युटर आता भंगारात घाल. फोटो उघडतच नाहीत." जाऊन बघितलं. सॉफ्टवेअर उघडलं की नुसते राखाडी चौकोन, आणि त्यातून एकेक फोटो उगवतोय, रेशनच्या रांगेतल्या माणसासारखा सावकाश. एकूण फोटो २२,०००. रॅम वाढवायची का, असं बाबा विचारत होते. म्हटलं, थांबा जरा. हे दुखणं तसं जुनं आहे.

त्याचं मूळ कळायला थोडं मागे जावं लागतं. १९७४ साली मूळचे बंगळूरचे नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाची गणिती पद्धत मांडली. १९९२ चं जेपेग प्रमाण तिच्यावरच उभं आहे. फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करायचे, डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे गाळायचे आणि उरलेल्याचं घट्ट गाठोडं बांधायचं. म्हणून तर १२ मेगापिक्सेलचा फोटो ४-५ एमबीत मावतो. पण दाखवायचा म्हटला की गाठोडं सोडावं लागतं. दर पिक्सेलला ३ बाइट धरले तर तोच फोटो मेमरीत ३६ एमबी होतो! पडद्यावर नखाएवढे शंभर फोटो दाखवायचे, तर दरवेळी शंभर गाठोडी सोडणार का?

कॅमेऱ्यातला प्रोसेसर बिचारा अगदीच किरकोळ, त्यामुळे ही अडचण कॅमेरावाल्यांना आधी कळली. १९९५ पासून जपानमध्ये आकाराला आलेल्या एक्झिफ प्रमाणात फोटोच्या फाइलमध्येच एक छोटी प्रत, म्हणजे थंबनेल, ठेवायची सोय झाली. नेहमीचा आकार १६० बाय १२० पिक्सेल.

प्रश्न सुटला? अर्धाच. ७,२०० आरपीएमच्या हार्डडिस्कला एक फाइल गाठायला डोकं सरकवायचे साधारण ९ आणि तबकडी फिरायची वाट बघायचे ४, असे १३ मिलिसेकंद लागतात. गुणिले २२,००० करा. पावणेपाच मिनिटं नुसती फाइली शोधण्यात! (एसएसडीवर हा त्रास जवळजवळ नाहीच, पण बाबांकडे जुनी तबकडीच आहे.)

म्हणून पुढची युक्ती आली: सगळी थंबनेलं एकदाच करून एका जागी ठेवायची. विंडोज एक्सपी प्रत्येक फोल्डरमध्ये थंब्स डॉट डीबी नावाची फाइल करायचं, व्हिस्टाने हा साठा एका ठिकाणी आणला. २००२ साली आलेलं पिकासा याच युक्तीवर पळायचं. २००४ मध्ये गूगलने ते विकत घेऊन फुकट वाटलं. अ‍ॅपलचं आयफोटोही २००२ चंच. २००४ च्या आवृत्तीची मोठी जाहिरात काय होती, तर आता २५,००० फोटो चालतील. २००६ मध्ये तोच आकडा अडीच लाखांवर गेला.

आता बाबांचं दुखणं. ड्राइव्ह जवळपास पूर्ण भरला होता. थंबनेलं लिहायला जागाच नाही, म्हणून सॉफ्टवेअर दरवेळी नव्याने गाठोडी सोडत बसायचं. रॅमचा काही संबंधच नव्हता! ४० जीबीचे जुने व्हिडिओ हलवले. साठाही अर्धवट बिघडला होता. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे डेटाबेस उडवा, तो आपोआप पुन्हा तयार होतो. मी डिलीट दाबणार, एवढ्यात आई म्हणाली, "मी लिहिलेली नावं जाणार नाहीत ना?"

थंबनेलांच्या शेजारीच आईने लिहिलेली नावं होती. जुन्या अल्बममधले फोटो स्कॅन करून तिने कोण कोण आहे ते लिहून ठेवलं होतं. मुंजीच्या एका फोटोत अकरा जणं आहेत. त्यातल्या तिघांची नावं आज तिलाही सांगता आली नाहीत. लिहिली तेव्हा सांगायला आजी होती.

थंबनेल फोटोवरून हवं तितक्या वेळा बनवता येतं. नाव फोटोवरून बनवता येत नाही. आणि सॉफ्टवेअर काही कायम राहत नाही. आयफोटोची जागा २०१५ मध्ये दुसऱ्याने घेतली, पिकासाचा आधार मार्च २०१६ मध्ये थांबला. फोटो राहिले, पण ज्यांनी नावं आणि अल्बम फक्त त्या सॉफ्टवेअरच्या पोटात ठेवले होते त्यांची पंचाईत झाली. पिकासात निदान शेवटी शेवटी चेहऱ्यांची नावं फोटोच्या फाइलमध्येच लिहायचा पर्याय आला होता. तो मुद्दाम चालू करावा लागायचा, एवढंच.

तर आधी बॅकअप घेतला. मग सॉफ्टवेअरला सगळी नावं फोटोंच्या फाइलींमध्ये लिहायला लावली, आणि दहा-बारा फोटो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून ती दिसतात ना ते तपासलं. त्यानंतरच डेटाबेस उडवला. रात्रभर मशीन चालू ठेवलं. सकाळी फोटो झरझर सरकत होते. बाबा खूश. आईने मात्र आधी मुंजीचा फोटो उघडून अकरा नावं मोजली.