सावित्री, ताराबाई आणि माझी भुताची कादंबरी

"काय गं, तुझी ती भुताची पोथी कुठवर आली?" हा प्रश्न गेल्या चार महिन्यांत मला अर्ध्या चिखलीने विचारून झालाय. उरलेल्यांनी फोनवर विचारला. तर मंडळी, सर्वांना एकदाच उत्तर देते. लिहून झाली. छापायलाही गेली, स्वखर्चाने, तीनशे प्रती. आणि ती नुसती भुताची नाही, प्रेमाचीही आहे. जिनिंगमध्ये गाठी उचलणाऱ्या एका माणसाची बायको अचानक जाते आणि हा बाबा तिला परत आणायला निघतो. वाट लोणारच्या विवरातून खाली जाते. पुढचं सांगत नाही, पुस्तक घ्या!

अडलंय ते अभिप्रायांवर. पुस्तक लिहिणं एक वेळ सोपं, पण ते वाचून चार ओळी लिहून देणारा माणूस शोधणं म्हणजे चैत्रात बोअरला पाणी लागण्यासारखं. एका ठिकाणाहून उत्तर आलं की "या प्रकारच्या" पुस्तकांची आम्ही दखल घेत नाही. दुसरीकडून परीक्षणाचा दर कळवला गेला, फोटोसहित वेगळा आणि फोटोविना वेगळा. असो. नावं घेण्यात अर्थ नाही.

पण या धावपळीत एक चांगलं झालं. "या प्रकारची" पुस्तकं मराठीत आली कधी आणि त्यांच्याबद्दल कोण काय बोललं, हे मी शोधत बसले. शोधता शोधता पुणे-मुंबई करून शेवटी येऊन पोचले ती आपल्या बुलढाण्यात. म्हणजे घरापासून तासाभराच्याही आत.

सुरुवातीपासून सांगते. मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं (1857) नाव पहिलं घेतात. ते विधवांच्या दु:खाबद्दलचं, वास्तवातलं पुस्तक. पण लोकांनी डोक्यावर घेतली ती त्यानंतरची पुस्तकं. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 साली आली, मग त्यांचीच 'रत्नप्रभा', आणि 1868 च्या सुमारास नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, रूपवती नायिका, कपटी खलपुरुष, ताटातूट, चमत्कार आणि शेवटी मीलन. आपण आज ज्याला अद्भुतरम्य म्हणतो, तो सगळा ऐवज. म्हणजे "या प्रकारची" पुस्तकं मराठीत मागच्या दाराने आलेली नाहीत. कादंबरी घरात शिरली तीच मुळी त्यांचं बोट धरून.

रिसबुडांनी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत याचं कारण दिलंय आणि ते वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आमच्या लग्नाच्या रीतीच अशा की आम्हा हिंदूंच्या आयुष्यात मन गुंतावं असं ना काही चांगलं घडतं ना वाईट. रोज दिसतं तेच लिहिलं तर त्यात गोडी कुठली? म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळणं भागच आहे.

विचार करा. लहानपणी लग्न, नवराबायकोने चारचौघांत बोलायचं नाही, प्रेम करून लग्न हा प्रकार नाही. मग प्रेमकथा लिहिणाऱ्याने प्रेम ठेवायचं कुठे? त्याने ते उचलून दूरच्या राजवाड्यात नेऊन ठेवलं. आपण अद्भुताला पळवाट म्हणतो, पण जी गोष्ट घरात बोलता येत नाही ती बोलण्याची ती एकच जागा होती असंही म्हणता येईल. मला तरी तसं वाटतं.

आता अभिप्रायांची गोष्ट. तेव्हाचं गणितही काही फार वेगळं नव्हतं. पुस्तक छापायला पैसे लागत, म्हणून छापण्याआधी वर्गणीदार गोळा करायचे. सरकारच्या शिक्षणखात्याने प्रती घेतल्या तर सोन्याहून पिवळं. पुण्यात दक्षिणा प्राइज कमिटी होती, तिचं बक्षीस मिळालं तर नाव व्हायचं. 1867 साली रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादनाखाली 'विविधज्ञानविस्तार' निघालं आणि पुस्तकांची चर्चा करायला मासिकाची हक्काची पानं मिळाली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 साली 'नावल' आणि नाटक या विषयावर एक स्वतंत्र निबंधच छापला. 1874 पासून चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली आणि टीकेला चांगलीच धार आली.

आणखी एक वाचक प्रत्येक पुस्तकाला मिळायचाच. 1867 च्या कायद्याने छापलेलं प्रत्येक पुस्तक सरकारात नोंदवावं लागे. नाव, लेखक, छापखाना, किती प्रती, किंमत काय, हे सगळं दर तिमाहीला यादीत छापून येई. म्हणजे कुणीच वाचलं नाही तरी एक सरकारी कारकून पुस्तक निदान उघडून बघायचा! (आता 1954 च्या कायद्याप्रमाणे पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते, तीही आपल्या खर्चाने. तीनशेतल्या चार तिथे गेल्या.)

पण या सगळ्या यादीत एक गोष्ट लक्षात येते का? लिहिणारे पुरुष, छापणारे पुरुष, बक्षीस देणारे पुरुष, टीका करणारे पुरुष. आणि पुस्तकांची नावं? मुक्तामाला, रत्नप्रभा, मंजुघोषा. सगळ्या बायका. त्या बायकांबद्दल एखाद्या बाईला काय वाटतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

ते सांगितलं आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी.

ताराबाई आपल्याकडे शाळेत दोन ओळींत संपतात. 'स्त्री-पुरुष तुलना', 1882, झालं. जरा नीट सांगते. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. चार भावांत ही एकटी मुलगी. वडिलांनी घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न झालं, पण नवरा घरजावई म्हणून आला. मूलबाळ झालं नाही. तेव्हा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात येऊन तीसेक वर्षं झालेली. जवळचं रेल्वे स्टेशन घाट उतरून मलकापूरला. (आपल्या चिखलीला तर आजही रेल्वे नाही, खामगाव-जालना मार्गाची वाट बघत किती पिढ्या गेल्या ते तुम्हाला ठाऊकच आहे.) अशा ठिकाणी बसून या बाईने पुस्तक लिहिलं आणि ते पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती 500, किंमत नऊ आणे. मी हिशोब केला. सगळ्या प्रती पूर्ण किमतीला खपल्या असत्या तरी हातात येणार होते 281 रुपये 4 आणे.

लिहिण्याचं निमित्त कादंबरी नव्हतं. 1881 साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला स्वत:च्या अर्भकाच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांनी हे निमित्त करून समस्त बायकांच्या जातीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंचा संताप झाला तो तिथे. पुस्तकाच्या नावातच प्रश्न आहे, स्त्रिया आणि पुरुष यांत 'साहसी' कोण? हा 'साहसी' म्हणजे आजचा शूर नव्हे. साहस म्हणजे अविचाराने केलेलं, न करण्याजोगं काम. तर असं काम करण्यात पुढे कोण, ते बघू या, असं आव्हान.

आणि हे बघता बघता बाई पुस्तकांकडे वळतात. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' नाटक, 'स्त्रीचरित्र', लोक आवडीने वाचत होते ती पुस्तकं त्या नावानिशी समोर घेतात. या पुस्तकांत रंगवलेल्या बायका आणि घराघरांत राबणाऱ्या बायका यांचा एकमेकींशी संबंध काय, हा त्यांचा रोख. कुठल्या तरी पुस्तकातल्या बाईचं कपट दाखवून सगळ्या बायकांना नावं ठेवायची, मग पुरुषांच्या कपटाचा हिशोब कुणी मांडायचा? भाषा तर अशी की अजून चटका बसतो. आपल्याकडे ओट्यावर दोन बायका भांडताना जशी शब्दाला शब्द जोडत जातात, तशी.

मराठी अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर बाईने केलेली याच्या आधीची टीका माझ्या तरी वाचनात नाही. आणि ती कुठे झाली? ना मुंबईत, ना पुण्यात. बुलढाण्यात!

पण मला घायाळ केलं ते एका वेगळ्याच जागेने. ताराबाई सावित्रीची गोष्ट काढतात. सावित्री नवऱ्याचा प्राण परत आणायला थेट यमाच्या मागे गेली. बरं, मग बायकोचा प्राण आणायला कुणी नवरा यमाच्या दरबारात राहू द्या, निदान त्या वाटेवर तरी गेल्याचं कुणी ऐकलंय का? एवढंच विचारतात आणि पुढे जातात.

आपण दर ज्येष्ठात वडाला दोरा गुंडाळतो. मरणाच्या पलीकडे जाणारं प्रेम, यमाशी बोलणी, परत आलेला प्राण. अद्भुत प्रेमकथा याहून वेगळी काय असते? आणि तिच्यावरचा एका ओळीतला सगळ्यात नेमका अभिप्राय माझ्या शेजारच्या गावात सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहिला गेला होता. माझ्या कादंबरीचा हमाल तिथूनच निघाला, हे आता सांगायला हरकत नाही. म्हटलं, कुणी गेला नाही ना, मग आपण एकाला पाठवून बघू.

जाणकार म्हणतील, महाभारतात आहे की! आदिपर्वात रुरूची गोष्ट आहे. लग्न ठरलेली प्रमद्वरा साप चावून मेली, तेव्हा रुरूने स्वत:चं अर्धं आयुष्य देऊन तिला उठवलं. खरंय. पण रुरूच्या नावाने कुठल्या पुरुषाने उपास केलाय? कुठल्या झाडाला फेऱ्या घातल्यात? गोष्ट होती, पण तिचं व्रत झालं नाही. ताराबाईंचा प्रश्न तिथेच राहतो.

आता त्यांच्या पुस्तकाला अभिप्राय काय मिळाला ते ऐका. टिंगल. एका बाईने, तेही असल्या भाषेत लिहावं, हेच पुष्कळांना सहन झालं नाही. बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी. 1885 च्या ऑक्टोबरात 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंच्या पुस्तकाची पाठराखण केली आणि खिल्ली उडवणाऱ्यांना झाडलं. त्यात आपल्याच बाजूचे म्हणवणारेही सुटले नाहीत. आणि हे जोतीराव कोण? ज्यांचं स्वत:चं 'तृतीय रत्न' हे 1855 चं नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलं होतं, आणि जे पुढे छापून आलं ते थेट 1979 साली. नाकारलं जाणं म्हणजे काय, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. 500 प्रती कुठे गेल्या, कुणी वाचल्या, हे सगळं काळाच्या पोटात. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापून आणलं, म्हणजे 93 वर्षांनी. 1994 साली रोझालिंड ओ'हॅनलन यांनी ते इंग्रजीत नेलं. आज जगभरच्या विद्यापीठांत ते वाचतात. पण हे सगळं बघायला ताराबाई कुठे होत्या? त्यांच्या हयातीत त्यांना खमका वाचक म्हणावा असा मला सापडतो तो एकच.

पण एक मिळाला. या "पण"वर माझं मन गेले कित्येक दिवस अडकून आहे.

पुढेही "या प्रकारच्या" पुस्तकांचं असंच झालं. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं वाचनालयात हातोहात फिरून खिळखिळी व्हायची. आमच्या इथे तर धारपांच्या एका पुस्तकाची शेवटची चार पानंच नव्हती, शेवट एकमेकींना तोंडी सांगायचो! पण मोठ्या समीक्षेने त्यांच्यासाठी खुर्ची क्वचितच सरकवली. 2018 साली 'तुंबाड' आल्यावर धारपांचं नाव नव्या पोरांच्या तोंडी आलं, तेव्हा ते जाऊन दहा वर्षं झाली होती.

हे सगळं वाचून मी अभिप्रायांची माझी यादी फाडली. प्रस्थापितांची नावं काढली. कौतुक करतीलच अशा घरच्या मंडळींची नावंही काढली (रागावू नका, तुम्हाला प्रत मिळेल, पण अभिप्राय नको). नव्या यादीत आता नऊच नावं आहेत. वाचनालयात रोज येणाऱ्या दोन बायका, एक निवृत्त पोस्टमन, बायको गेल्यावर वर्षभर कुणाशी न बोललेले एक काका, जिनिंगमधले दोघं, एक परिचारिका, कॉलेजातली एक मुलगी आणि जिला माझं काहीच पटत नाही अशी माझी एक मैत्रीण. त्या सगळ्यांना एकच प्रश्न लिहून देणार आहे. चांगली आहे का, हे विचारणार नाही. यातला माणूस खरंच यमाच्या वाटेवर गेला असं वाटलं का, की अर्ध्यातून परत फिरला, एवढंच.

काकांच्या उत्तराची मला भीती वाटते, आणि सगळ्यात जास्त वाट तीच बघतेय.