कलकत्त्यात पडलेला प्रश्न: बर्फ, मान्सून आणि भारताचे आर्क्टिक संशोधन

१७ मार्च २०२२ रोजी भारत सरकारने आपले आर्क्टिक धोरण प्रसिद्ध केले. कर्कवृत्त ज्याच्या मध्यातून जाते त्या देशाचे उत्तर ध्रुवापाशी काय काम, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. उत्तरादाखल सहसा दोन गोष्टी सांगितल्या जातात: १९२० चा स्वालबार्ड करार आणि २००८ साली उभे राहिलेले 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु या साऱ्या उद्योगामागचा शास्त्रीय प्रश्न त्याहून जुना आहे. दूरवर साठलेले बर्फ भारतातील पावसावर परिणाम करते का, हा तो प्रश्न. तो प्रथम गांभीर्याने मांडला गेला एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्यात, आणि तोही दुष्काळाच्या सावलीत.

हवामानाच्या अभ्यासासाठी कलकत्ता हे स्वाभाविक ठिकाण होते. ईस्ट इंडिया कंपनीने १७८५ मध्येच तेथे हवामानाच्या नोंदी घेण्यास आरंभ केला होता. चक्री वादळासाठी इंग्रजीत रूढ असलेला 'सायक्लोन' हा शब्द १८४८ साली याच शहरात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी आपल्या पुस्तकातून प्रचारात आणला. ऑक्टोबर १८६४ मध्ये एका भीषण वादळाने शहराला आणि हुगळीच्या खाडीला झोडपले. पुढे १८६६ आणि १८७१ मध्ये मोसमी पावसाने दगा दिला. या आपत्तींनंतर देशभरच्या विखुरलेल्या नोंदी एका छत्राखाली आणण्याची निकड सरकारला पटली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. मुख्यालय कलकत्त्यात आणि प्रमुख हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड. ब्लॅनफर्ड हे मूळचे भूशास्त्रज्ञ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करून त्यांनी पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन केले होते.

खाते वर्षभराचे होते न होते तोच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ आला. दख्खनच्या पठारापासून मद्रास इलाख्यापर्यंत लक्षावधी माणसे दगावली. पाऊस येणार की नाही हे आधी सांगता येईल का, अशी विचारणा सरकारने ब्लॅनफर्ड यांच्याकडे केली. हाताशी नोंदी थोड्याच वर्षांच्या होत्या. त्या चाळताना त्यांना एक गोष्ट जाणवली: ज्या वर्षी हिमालयात वसंत ऋतूत जादा बर्फ साठते, त्या वर्षी वायव्येकडून कोरडे वारे अधिक काळ वाहतात आणि मोसमी पाऊस रेंगाळतो. १८८४ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्यांनी हा संबंध मांडला. त्यासाठीची माहिती मुख्यतः डोंगराळ भागांतून आलेल्या अहवालांवर अवलंबून होती; नेमक्या मोजमापाची साधने तेव्हा तेथे नव्हती.

या कल्पनेमागचे भौतिकशास्त्र साधे आहे. ताजे बर्फ सूर्यप्रकाशाचा बहुतांश भाग परत आकाशात फेकते. उरलेली उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते. शून्य अंशावरचे एक किलो बर्फ वितळवण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेने एक किलो पाणी शून्यापासून सुमारे ८० अंशांपर्यंत तापते. बर्फ गेल्यावरही जमीन ओली राहते आणि बाष्पीभवनात आणखी उष्णता जाते. मोसमी वाऱ्यांना जोर मिळतो तो तापलेली जमीन आणि तुलनेने थंड समुद्र यांच्यातील फरकामुळे. जमीन उशिरा तापली, तर हा फरकही उशिराच तयार होतो.

१८७५ हे वर्ष ध्रुवीय संशोधनाच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ऑस्ट्रियात ग्राट्स येथे कार्ल वायप्रेख्ट या नौदल अधिकाऱ्याने आर्क्टिक मोहिमांवर कठोर टीका केली. ते स्वतः ध्रुवीय बर्फात अडकून परतलेले होते. ध्रुवाकडे कोण अधिक पुढे गेला या स्पर्धेतून शास्त्राच्या हाती फारसे लागत नाही. अनेक ठिकाणी, एकाच वेळी, एकाच पद्धतीने सलग निरीक्षणे घेतली तरच काही कळेल, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून १८८२-८३ चे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष साकारले. ते पाहण्यास वायप्रेख्ट हयात नव्हते. कलकत्त्यातील कार्यालय आणि आर्क्टिकमधील ती केंद्रे यांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता. मात्र सलग, तुलना करता येतील अशा नोंदींवर दोन्हीकडे सारखीच भिस्त होती.

४ जून १८८६ पासून भारतात मान्सूनचे नियमित दीर्घकालीन अंदाज देण्यास सुरुवात झाली. आरंभी हिमालयातील बर्फाचा निकष बऱ्यापैकी उपयोगी पडला. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी त्यात इतर घटकांची भर घातली. मग १८९९ साल उजाडले. अंदाज चांगल्या पावसाचा होता. प्रत्यक्षात भीषण अवर्षण पडले आणि त्यामागून दुष्काळ आला. थोड्या वर्षांच्या नोंदींवरून काढलेला नियम कसा फसू शकतो, हे देशाने मोठी किंमत मोजून पाहिले.

१९०४ मध्ये खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे आली. लवकरच मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला हलले. पुढे ते १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. वॉकर यांनी हिमालयातील बर्फ हा निकष टाकून दिला नाही, पण त्याला एकट्याला महत्त्वही दिले नाही. दक्षिण अमेरिका, मॉरिशस, झांझिबार अशा दूरदूरच्या ठिकाणचे वायुभार व पाऊस यांच्याशी त्यांनी भारतीय पावसाची संख्याशास्त्रीय सांगड घातली. त्या आकडेमोडीतून दक्षिणी आंदोलन जसे सापडले, तसेच उत्तर अटलांटिक आंदोलनही. आर्क्टिकच्या हवामानाची चर्चा आज या दुसऱ्या संकल्पनेवाचून होत नाही. भारतातील दुष्काळाचे कारण शोधताना ती हाती आली, हे सहसा विसरले जाते.

मुख्यालय गेले तरी कलकत्त्याचा ध्रुवीय विज्ञानाशी संबंध तुटला नाही. १९३२-३३ च्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय ध्रुववर्षात कलकत्ता विद्यापीठातील शिशिरकुमार मित्र यांच्या गटाने आयनांबराची निरीक्षणे घेतली. मित्र यांचा वातावरणाच्या उच्च स्तरांवरील ग्रंथ १९४७ मध्ये कलकत्त्यातच प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला गेला.

बर्फ आणि मान्सून यांचा धागा पुन्हा हाती घेतला गेला तो उपग्रहांच्या युगात. १९७६ मध्ये डग्लस हान आणि भारतात जन्मलेले जगदीश शुक्ल यांनी हिमालयाच्या पलीकडे पाहिले. युरोप-आशियाच्या विस्तीर्ण भूभागावर हिवाळ्यात जादा बर्फ असल्यास पुढच्या उन्हाळ्यात भारतात पाऊस कमी पडतो, असे त्यांना आढळले. नोंदी जेमतेम नऊ वर्षांच्या होत्या. पुढे आकडे वाढले तसे चित्र गुंतागुंतीचे झाले: काही प्रदेशांत संबंध टिकला, काही ठिकाणी क्षीण झाला, तर काही ठिकाणी उलटला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेही या प्रश्नावर काम केले आहे. ब्लॅनफर्ड यांच्या वेळची अडचण शंभर वर्षांनीही पूर्णपणे सुटलेली नव्हती.

आर्क्टिकमध्ये प्रत्यक्ष पाऊल ठेवण्याचा भारताचा हक्क मात्र वसाहतकाळातून आलेला आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या स्वालबार्ड करारात ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचाही समावेश होता. या कराराने त्या द्वीपसमूहावर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य केले आणि सदस्य देशांना तेथे समान आर्थिक हक्क दिले. हा हक्क जवळजवळ नऊ दशके कागदावरच राहिला. २००७ मध्ये पहिली भारतीय शास्त्रीय मोहीम नी-ओलेसुंद येथे पोहोचली आणि १ जुलै २००८ रोजी तेथे 'हिमाद्री' केंद्राचे उद्घाटन झाले. ध्रुवापासून हे ठिकाण सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे. जुलै २०१४ मध्ये जवळच्या काँग्सफ्योर्डनमध्ये 'इंडआर्क' ही पाण्याखालील वेधशाळा बसवली गेली. या सर्व कामाचे सूत्रसंचालन गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र करते.

याच केंद्रातील संशोधकांनी २०२१ मध्ये एक निष्कर्ष मांडला. उन्हाळ्यात कारा समुद्रातील बर्फ कमी झाले की सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. उघड्या पडलेल्या पाण्यातून वातावरणात उष्णता शिरते. त्यामुळे उच्च स्तरांतील वाऱ्यांच्या लहरी विस्कळीत होतात आणि तो परिणाम युरोपमार्गे आशियापर्यंत पोहोचतो. तापलेला अरबी समुद्र त्याला बाष्प पुरवतो. सप्टेंबर हा खरिपाची पिके हाताशी येण्याचा काळ असल्याने हा संबंध शेतकऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. पण सागरी बर्फाच्या सलग उपग्रहीय नोंदी १९७८ च्या अखेरीस सुरू झाल्या. मान्सूनच्या संथ चढउतारांपुढे हा काळ लहान आहे. संशोधकांनी या संबंधाला 'संभाव्य' म्हटले आहे, आणि १८९९ चा इतिहास ठाऊक असणाऱ्याला या शब्दाचे मोल कळते.

खुद्द कोलकात्याच्या दृष्टीने दुसरा दुवा समुद्राच्या पातळीचा. २००२ पासूनच्या उपग्रहीय गुरुत्वमापनानुसार ग्रीनलंड वर्षाला सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ गमावत आहे. बर्फाचा हा प्रचंड ढिगारा आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो झिजला की ही ओढ कमी होते. ग्रीनलंडच्या किनाऱ्यापाशी पातळी उतरते आणि पाण्याचा भार दूरच्या समुद्रांवर पडतो. हुगळीच्या मुखाशी, डायमंड हार्बरच्या दीर्घ नोंदींत पातळी वेगाने चढताना दिसते. त्यातील काही वाटा त्रिभुज प्रदेशाची जमीन खचण्याचाही आहे. सुंदरबनातील घोडामारासारखी बेटे झिजण्यात नदीची धूप, वादळे आणि चढता समुद्र या सगळ्यांचा हात आहे. यांतला कोणता वाटा किती, हे ठरवल्याशिवाय बांध किती उंच बांधावा हे सांगता येत नाही.

धोरणाच्या इतिहासात एक योगायोग लक्षणीय आहे. २०१३ मध्ये किरुना येथे भारताला आर्क्टिक परिषदेत निरीक्षकाचे स्थान मिळाले. ३ मार्च २०२२ रोजी युक्रेन युद्धाच्या पार्श्वभूमीवर रशिया वगळता इतर सातही सदस्य देशांनी परिषदेच्या कामातील आपला सहभाग थांबवला. भारताचे धोरण त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी आले. आर्क्टिकचा सुमारे निम्मा किनारा रशियाचा आहे आणि कारा समुद्रही त्याच किनाऱ्याला लागून आहे. भारतीय पावसाच्या दृष्टीने महत्त्वाच्या प्रदेशातील निरीक्षणांचे आदानप्रदान नेमके याच काळात अवघड झाले.

धोरणाचे सहा आधारस्तंभ आहेत. विज्ञान व संशोधन हा पहिला आणि हवामान व पर्यावरण संरक्षण हा दुसरा. त्यांच्या शेजारीच आर्थिक विकास आणि वाहतूक आहेत. म्हणजे जे बर्फ वितळल्याने जलमार्ग आणि खनिजे खुली होतील, तेच बर्फ टिकणे शेतीच्या आणि किनाऱ्यांच्या हिताचे आहे. हा ताण धोरणाच्या पोटातच आहे आणि त्याचा निवाडा अनुमानांवर करणे परवडणारे नाही. त्या दृष्टीने डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पहिली हिवाळी मोहीम अधिक मोलाची ठरते. आर्क्टिक सर्वाधिक वेगाने तापते ते थंडीच्या महिन्यांत, आणि तोवर 'हिमाद्री'वरील भारतीय संशोधकांचा वावर मुख्यतः उन्हाळ्यापुरता होता.

ब्लॅनफर्ड यांच्या निष्कर्षाचे पुढे काय झाले हे आज माहीत आहे. त्यांनी उभारलेली नोंदींची व्यवस्था मात्र टिकली. वॉकर यांची आंदोलने तिच्यातूनच सापडली आणि आजच्या मान्सूनच्या अंदाजांचा पायाही तीच आहे. ध्रुवरात्रीच्या काळोखात 'हिमाद्री'वर घेतल्या जाणाऱ्या नोंदींचा उपयोगही कदाचित पन्नास वर्षांनी होईल, आजच्या संशोधकांना सुचलेलेही नाहीत अशा प्रश्नांसाठी. मध्ये खंड पडला नाही तरच ते शक्य आहे.